वाचल्याशिवाय सही नाही

माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि तिच्याशिवाय घरात कुणालाच त्याची घाई नव्हती. मलाही नव्हती. ती पार्से गावात एकटी राहायची, मी लग्न होऊन डिचोलीला. महिन्यातून एकदा जायचे तेव्हा दिसायचं की ती आमटीत दोनदा मीठ घालते, बसची पाटी न वाचता कंडक्टरला विचारते, तुळशीपुढची पणती तिला फुललेल्या कापसासारखी दिसते. मी मनात म्हणायचे, वय झालं. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती.

१९८६ साल सरत आलं होतं. एका सकाळी, मी पार्सेला माहेरी असताना, कृष्णनाथकाका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून आईकडे आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पेडण्याला त्यांचं भुसारी दुकान होतं आणि गावातल्या मराठी समितीचे ते अध्यक्ष होते. त्या दिवसांत गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी यावरून घराघरात वाद चालले होते, आणि काकांचं दुकान कमी, सभा जास्त असं झालं होतं. मांद्र्याला समुद्राजवळ बाबा आणि काकांची मिळून माडांची एक जागा होती. वास्कोचा एक कंत्राटदार तिथं परदेशी पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार होता. त्याच्या वकिलानं कागद तयार केला होता. काकांनी सही केली होती. मी आणि गोव्याच्या कायद्याप्रमाणे माझ्या नवऱ्यानंही, शिवदासनं, वकिलाच्या ऑफिसात जाऊन पेन्सिलीची फुली दाखवली तिथं सही केली होती. बाबांच्या मागे निम्मा हक्क आईचा, म्हणून तिची सही राहिली होती.

"वहिनी, हय सही करा," काकांनी बोट ठेवलं.

आईनं कागद नाकाजवळ धरला, मग जनेलाशी गेली, खिडकीच्या उजेडात तिरका केला. "माका दिसना नाय. मुंगयेची रांग दिसता नुसती."

"वाचूचा काय त्येच्यात? मांद्र्याची जागा विकूची, इतक्याच लिवलेला आसा."

"इतक्याच आसा तर चार पानां कित्याक?"

काका हसले. "वकिलांची भाषा ती. दिसना नाय तर आंगठो लावा. आंगठो चालता."

आईनं कागद मेजावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. "भावोजी, मी चौथी पास जालंय. पोर्तुगिजांच्या राज्यात आमच्या पडवेर मास्तर येऊन मराठी शिकवी, तेव्हा. आंगठो लावूचंय नाय."

"मग?"

"डोळे करून घेतंय. मगे वाचतंय. मगे सही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आई, सही करून टाक गो. काका काय आपल्याक फसवतले?"

"भागी, फसवतत म्हणून मी खय म्हटलंय?" ती म्हणाली. "दिसना नाय म्हटलंय."

काका निघून गेले, पण विषय सोडला नाही. दर आठवड्याला कुणी ना कुणी येऊन आईला सांगून जायचं की या वयात डोळ्याला सुरी लावायची नसते. दाखला एकच होता, वरच्या वाड्यावरच्या सगुणचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं आणि तो डोळा कायमचा गेला. तीनजणांनी ही गोष्ट आईला ऐकवली. मग एके दिवशी काठी घेऊन ती स्वतः सगुणच्या अंगणात जाऊन बसली. मी त्या वेळी माहेरी होते, म्हणून मला बरोबर जावं लागलं.

"सगुण, खरा सांग. डॉक्टरान काय सांगितलेलां आणि तू काय केलंस?"

सगुण आधी डॉक्टरला शिव्या देत राहिला. आई ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, "पट्टी काढल्यार खाज येय. चोळलंय. आणि पाचव्या दिवशी काजूचे बोंडू भरलेली पाटी डोक्यार घेतलंय. हंगाम होतो, काय करू?"

"नको म्हटलेला मां?"

"महिनोभर नको म्हटलेला."

आई उठली. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाली, "बरा जाला विचारलंय ता."

डिचोलीजवळच्या एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, जानेवारीच्या शेवटी एका संस्थेचं डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. डॉक्टर बेळगावकडून यायचे. मी आईला आणायला गेले तेव्हा ती पिशवी भरून तयार होती. दोन पातळं, एक टॉवेल, तांब्या आणि घरची उकड्या तांदळाची कणी. पेजेसाठी. शिबिरात काय खायला मिळेल याचा तिला भरवसा नव्हता.

तपासणीच्या दिवशी बाकांवर शंभरेक माणसं. डॉक्टर तरुण, बोटांनी पापण्या वर उचलून झटपट बघत पुढं सरकत होते. आईपाशी आले, टॉर्च मारली. "उजवा पिकलाय बघा आजी. डावा अजून कच्चा आहे. उजव्याचं करू."

"काय काय करतलास, ता सगळा सांगा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. आई हलली नाही. मागची रांग थांबली. मग ते स्टूल ओढून बसले, आणि खरं सांगते, त्यांनी नीट सांगितलं.

"डोळ्याच्या आत एक भिंग असतंय. ते गढूळ झालंय, दुधासारखं. ते आम्ही बाहेर काढणार. डोळ्याखाली इंजेक्शन देणार, ते दुखतंय, खोटं सांगत नाही. त्यानंतर दुखणार नाही. तुम्ही जाग्या असणार. अर्धा तास हलायचं नाही, खोकायचं नाही."

"आणि मगे दिसतला?"

"लगेच नाही. भिंग काढलं की सगळं पुसट दिसणार. दीड महिन्यानं जाड चष्मा मिळेल. तो घातला की दिसेल. सगळं मोठं दिसेल, जवळ दिसेल. पायरी चुकेल, पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडेल. सवय व्हायला दिवस लागतात. हे सगळं चालत असेल तर करू."

"वाचूंक येतला?"

"वाचायचा चष्मा वेगळा देतो. काय वाचायचंय एवढं?"

"एक कागद," आई म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचं रक्त, लघवी, रक्तदाब सगळं तपासलं. गंगा नावाच्या नर्सनं डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकात पिचकारीनं पाणी सोडलं आणि विचारलं, "घशात उतरलं का?" आईनं गिळून पाहिलं आणि मान डोलावली. डोळ्याची वाट मोकळी आहे, पू नाही, हे त्यावरून कळतं म्हणे. मग कात्रीला मलम लावून तिच्या पापण्यांचे केस कापले. कपाळावर उजव्या डोळ्याच्या वर शाईनं फुली काढली. त्या संध्याकाळी काका आले. सभेला डिचोलीत आले होते, खादीचा झब्बा घामानं भिजलेला.

"वहिनी, अजून येळ गेलो नाय. घराक चला."

"तुमी पेज जेवतास?" आईनं विचारलं. "मीठ बरोबर आसा आज. भागीन घातलां."

काका बसले नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाले, "ती माझ्यार इश्वास ठेयना नाय, ह्या माका लागता." त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. मला त्यांचं वाईट वाटलं आणि आईचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिला आत नेलं. त्या खोलीतलं तिनंच मला नंतर सांगितलं. इंजेक्शन दुखलं, डॉक्टर म्हणाले होते तेवढंच. मग कुणीतरी तळव्यानं डोळा बराच वेळ दाबून धरला आणि डोळा आपला नाहीसा झाला, पापणी हलवावी तर हलेना. तोंडावर हिरवं कापड पडलं, डोळ्यापुरती खिडकी असलेलं. मोठा पिवळा उजेड, त्यात काळं काहीतरी सरकत होतं. दुखत नव्हतं, ओढल्यासारखं वाटत होतं. श्वास कोंडला म्हणून तिनं हात उचलला, तर डॉक्टर म्हणाले, "आजी, हात खाली. बोला तोंडानं."

"कापड नाकार इलां."

कुणीतरी कापड वर उचललं. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "निघालं बघा," आणि पिवळा उजेड एकदम पांढरा झाला. आई म्हणायची, तो पांढरा रंग तिनं कैक वर्षांत पाहिला नव्हता. तिला रडू येणार होतं, पण रडायचं नाही हे तिच्या लक्षात होतं.

डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. मी कुलेरीनं, म्हणजे चमच्यानं, पेज भरवायचे. चावायचं नाही, वाकायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही. आईनं सगळं पाळलं. शेजारच्या खाटेवर सरस्वती नावाची बाई होती, दोडामार्गची, खाणीवर दगड वेचायला यायची. ती सारखी पट्टीकडे हात न्यायची. आईनं मला सांगून तिचा हात सुतळीनं खाटेला सैल बांधायला लावला. "सगुणाचो डोळो असोच गेलो," ती छताकडे बघत सरस्वतीला सांगायची.

तिसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी आली की विधानसभेत राजभाषेचा कायदा झाला. कोंकणी राजभाषा, मराठीचाही वापर राहणार. पुरुषांच्या बाजूला एकदम गलका उठला. पट्टी बांधलेली, उताणी पडलेली माणसं छताकडे तोंड करून एकमेकांना शिव्या देऊ लागली. गंगा धावत आली. "टाके तुटतील! मराठीवाले गप्प, कोंकणीवाले गप्प! मान कुणीही हलवायची नाही!" आई हसू दाबत होती. पोट हलू नये म्हणून तिनं उशीचं टोक मुठीत धरलं होतं.

घरी गेल्यावर दीड महिना तिनं हिरवी झापड लावून काढला. ऐन काजूचा हंगाम, डोंगरावर बोंडूंचा आंबूस वास सुटलेला, आणि तिला पाटी उचलायची मनाई. गडी काम करायचे, ती झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. मार्चच्या मध्याला चष्मे मिळाले. काळ्या फ्रेमचे, बाटलीच्या बुडासारखे. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यावर अडखळून गुडघ्यावर पडली. दुसऱ्या दिवशी चहा बशीबाहेर ओतला. तिसऱ्या दिवशी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "भागी, तुझे केस पिकूंक लागले गो. माका कोण सांगूंक नाय." डाव्या डोळ्यानं अजून सगळं तपकिरी दिसायचं. उजव्यानं आकाश इतकं निळं दिसायचं की तिला ते खोटं वाटायचं.

चौथ्या दिवशी तिनं निरोप पाठवून काकांना बोलावलं. कागद घेऊनच या म्हणाली.

काका आले ते उत्साहात. कंत्राटदार घाई करत होता. आईनं वाचायचा चष्मा चढवला, जनेलाजवळ बसली, पहिलं पान उलगडलं आणि त्यावर बोट फिरवलं. मग मान वर केली.

"ह्या इंग्रजी."

मला ते ठाऊक होतं. वकिलांचे कागद इंग्रजीतच असतात हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तिला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. तीन महिने ती एका कागदासाठी डोळा कापून घ्यायला निघाली होती आणि तो तिला वाचता येणार नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"सगळेच कागद तसे आसतत, वहिनी," काका म्हणाले. "तुमच्या डोळ्यांचो प्रश्न मिटलो. आता करा सही."

"तुमी वाचलास?"

काकांनी प्लास्टिकच्या पिशवीची घडी घातली.

"भावोजी, तुमी ह्यो कागद वाचलास?"

"माका इंग्रजी खय येता?" काका चिडले. "वकिलान समजावन सांगितलां. मांद्र्याची जागा विकूची, म्हणून."

"तर मगे तुमी सही कशार केलास?"

मी आठवीपर्यंत इंग्रजी शिकलेली. काका माझ्याकडे बघतायत हे मला जाणवत होतं, पण मीही तो उघडून पाहिला नव्हता. आईनं आम्हा दोघांना तसंच सोडलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. ती बोट ठेवून ओळीवरून ओळीवर जाऊ लागली. अक्षरं नाही, ती आकडे शोधत होती. इंग्रजी आकडे तिला येत होते. बसचे नंबर, कॅलेंडर, आणि बाबांच्या वेळेपासून ट्रंकेत जपून ठेवलेले जमिनीचे एक-चौदाचे उतारे, गोव्यातले सातबारेच.

दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. "भागी, ट्रंक उघड."

उतारे तिनं मेजावर पसरले. मोठे दिसणारे आकडे ती एकेक करून जुळवू लागली. "मांद्र्याचो सर्वे नंबर एकच. हय पाच आसत. ह्यो मांद्र्याचो. ह्यो काजूचो डोंगर. ह्यो तुमच्या परसाचो, भावोजी. ह्यो शेताचो. आणि ह्यो..." तिनं जमिनीवर पाय टेकवून दाखवला. "ह्या घराचो."

काकांनी कागद ओढून घेतला. आकडे तर त्यांनाही येत होते. त्यांनी उतारा धरला, कागद धरला, पुन्हा उतारा धरला.

"चुकान जाला आसतला," ते म्हणाले.

"आसात. चुक आसात नायतर काय आसात. वाचल्याबगर सही नाय."

त्या दुपारीच मी कागद घेऊन डिचोलीला गेले आणि शिवदासनं एका ओळखीच्या वकिलाला तो दाखवला. ते विक्रीचं करारपत्र नव्हतंच, मुखत्यारपत्र होतं. पाचही नंबरांच्या जमिनी विकायचा, गहाण टाकायचा, वाटेल ते करायचा अधिकार त्या कंत्राटदाराच्या माणसाला. आमच्या तिघांच्या सह्या झालेल्या. आईची राहिली होती, तेवढ्यानंच तो अडला होता. वकिलांनी सांगितलं की आम्ही तिघांनी आपल्या सह्या रीतसर लेखी मागं घ्याव्यात, आणि तशी नोटीस त्यांनीच पाठवली.

आठ दिवसांनी वास्कोहून पांढरी गाडी आली. कंत्राटदाराचा माणूस इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. पडवीत काका होते, मी होते. टायपिंगची चूक झाली, तो म्हणाला, नवा कागद आणलाय, फक्त मांद्र्याचा. पेन उघडून त्यानं आईपुढं धरलं.

आईनं चष्मा बदलला, कागद पाहिला, परत दिला. "मराठीत करून हाडा."

"आजी, रजिस्ट्रीचे कागद इंग्रजीतच लागतात."

"रजिस्ट्रीक काय लागता ता तुमी बघा. माका मराठीत होयो. मराठीत जमना नाय तर कोंकणीत हाडा, देवनागरीत. ती पण मी वाचतंय." काकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतर कुठल्याही दिवशी त्यांनी वाद घातला असता. आई पुढं म्हणाली, "आणि फकत मांद्र्याचो म्हणतास, तरी आता मांद्र्याचोय विकूचो नाय. आमच्या जमनीर तुमच्या मनात काय होता ता माका कळलां."

माणूस काकांकडे वळला. "कृष्णनाथबाब, तुम्ही तरी सांगा."

काकांनी खाली मान घातली होती. मग ते म्हणाले, "वहिनी म्हणता ताच."

गाडी फिरून गेली आणि पुन्हा आली नाही. काकांनी मात्र त्यानंतर आमच्या घरी येणं कमी केलं. आपण फसलो यापेक्षा आपण न वाचता सही केली हे आपल्या वहिनीसमोर उघडं पडलं, याचं त्यांना जास्त लागलं असावं. समितीच्या सभांनाही ते जाईनासे झाले. मे महिन्यात गोवा राज्य झालं तेव्हा पेडण्यात मिठाई वाटली, त्यांनी दुकान उघडलं नाही. आईला याचं वाईट वाटायचं, पण तिनं समजूत काढायला जायचं नाकारलं. "मी काय वायट केलंय त्यांचा?" ती विचारायची. माझ्याशीही ती काही दिवस तुटक बोलत होती. मी एकदा माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "आता फुडे वाचीत जा."

पुढच्या हिवाळ्यात शिबिराची तारीख आली. डावा डोळा आता पिकला होता. शिवदास म्हणाला, "एका डोळ्यानं भागतंय ना, कशाला पुन्हा तो त्रास?" मी म्हणाले, निदान मी न्यायला येईपर्यंत थांब. शनिवारी सकाळी शिबिराची चौकशी करायला अग्रशाळेत पोचले तर आई बाकावर रांगेत तिसरी बसलेली होती, पार्सेहून दोन बस बदलून एकटी आलेली. शेजारच्या थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला ती सांगत होती, "इंजेक्शन दुखता. दुखना नाय म्हणान कोण सांगात तर इश्वास ठेवू नको. पण मगे दुखना नाय." मग मला बघून सरकली आणि बाकावर जागा केली.